एक गाव, दीड हरकत

दुसऱ्या गावांत भुतांचे किस्से साठतात, लग्नातल्या रुसव्यांचे साठतात. आमच्या गावात हरकतींचे साठलेत. सरकारनं ‘जनतेच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ असं म्हणायचा अवकाश, आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर एक नवा किस्सा घडतोच. मी ते मैत्रिणींना सांगते, त्या पोट धरून हसतात. मी हसत नाही. कारण यातली जागा माझ्या आईची आहे.

जागा म्हणजे खळं. श्रीवर्धनच्या खालच्या अंगाला, किनाऱ्यालगतचा सपाट तुकडा. तिथं गावातल्या बायका मासळी वाळवतात. बांबूंवर बोंबील, खाली जाळ्यावर जवळा. त्या सुक्या मासळीवर माझं बी.एस्सी. झालं. आणि किनाऱ्याच्या नव्या धोरणाच्या मसुद्यात त्या तुकड्यावर लिहिलं होतं: पर्यटकांसाठी पार्किंग.

*

हे आम्हाला कळलं कसं? सरकारनं रीतसर पेपरात जाहिरात दिली होती. तो पेपर आईकडे आला रद्दीत! जवळ्याची पुडी बांधता बांधता तिला गावाचं नाव दिसलं. तिनं मला हाक मारली, तोवर पेपराच्या दुसऱ्या अर्ध्यात किलोभर जवळा बांधून गिऱ्हाईक एसटीत बसलं होतं.

हरकतींची शेवटची तारीख त्या अर्ध्यात होती.

*

मी तालुक्याला नकाशा बघायला गेले. क्लार्कनं भलामोठा गठ्ठा पुढे केला. किनाऱ्यावरून बोट फिरवत फिरवत आमच्या गावापाशी आले, तर गाव कोपऱ्यात आणि कोपऱ्यावर स्टेपलरची पिन! बरोब्बर खळ्यावर.

“पिन काढता का जरा?”

“मॅडम, पिन काढली तर दस्तऐवजात फेरफार होईल.”

“मग मी हरकत कशावर घेऊ?”

“दिसतंय त्यावर घ्या ना!”

*

आमच्या ओट्यावर दोन मोठी माणसं. एक पांडू नाखवा, सोसायटीचे चेअरमन. दुसरे गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले. गावाचा प्रत्येक अर्ज गुरुजीच लिहितात, आणि त्यांच्या अर्जात मुद्दा तिसऱ्या पानाआधी येत नाही. त्याआधी मुद्द्यावर येणं त्यांना उद्धट वाटतं.

या वेळी मात्र हरकत ऑनलाइनही भरता येत होती, आणि वेबसाइटच्या चौकटीत पाचशेच अक्षरं मावत होती. मी म्हटलं, “गुरुजी, सुरुवातीचं सगळं कापू या.”

“काय कापणार? ‘मा. महोदय’ कापणार? ‘आपल्या कर्तव्यदक्ष कारकिर्दीत’ कापणार?”

“हो!”

“बाळ, गरज आपली आहे. नम्रता कापायची नसते.”

मी चहा आणायला घरात गेले तेवढ्यात त्यांनी माझ्याच लॅपटॉपवर अर्ज पाठवून दिला. पाचशे अक्षरांवर तो आपोआप तुटला. शेवटचे शब्द होते: ‘तरी आपणांस नम्रपणे कळवू इच्छितो की आमच्या गावातील महिला’.

लगेच उत्तर आलं: ‘आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार.’

गुरुजी म्हणाले, “बघ! नम्रतेला उत्तर आलं की नाही?”

*

मग मी सत्तर वेगवेगळे फॉर्म छापून आणले. घरटी नव्हे, माणशी एक. खळ्यावर काम करणारी प्रत्येक बाई आपल्या नावानं हरकत घेणार. नाखवांनी तो गठ्ठा बघितला आणि कपाळाला हात लावला.

“पोरी, सत्तर अर्ज म्हंजे गावात सत्तर तोंडं झाली! एक गाव, एक अर्ज. आजपत्तर असंच हाय.”

“नाखवाकाका, ते सह्या मोजत नाहीत. अर्ज मोजतात.”

“तुला चार बुकं जास्त कळतात, गाव न्हाय कळत.”

झाला एक अर्ज. खाली बोटमालकांच्या सह्या, मानानुसार. पहिली सही कुणाची यावर चार दिवस गेले. बायकांच्या सह्या नव्हत्याच. “घरचा गडी आला म्हंजे घर आलं!”

तिकडे पलीकडच्या रिसॉर्टवाल्यानं माळ्यापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकाकडून पार्किंगच्या बाजूनं वेगळं पत्र घेतलं. यादी लागली. पार्किंगच्या बाजूनं छत्तीस. विरोधात दोन: एक गावाचा, दुसरा गुरुजींचा, शेरा ‘अपूर्ण’.

म्हणजे पुऱ्या गावाची मिळून दीड हरकत! त्या दिवशी मी ओट्यावर जाऊन काय काय बोलले ते लिहीत नाही. आई नुसती म्हणाली, “ओरडू नको गो. बोंबील उलटायला ये.”

*

तरी एक आशा उरली होती. मोठे साहेब स्वतः जागेवर येऊन पाहणी करणार, तिथंच सुनावणी घेणार. मी म्हटलं, आता कागदच नको. साहेबांना एकदा डोळ्यांनी बघू दे, बांबूंवर बोंबील, जाळ्यांवर जवळा, उन्हात बसलेल्या बाया. बस्स! कुणी काही बोलायचीही गरज नाही.

सुनावणीच्या सकाळी मी झेरॉक्स काढायला श्रीवर्धनला गेले. दोन तासांत परत आले.

खळ्यावर मांडव. मांडवाला झालर. टेबलावर शाल-श्रीफळ. बांबू उपटून झाडांमागे टाकलेले. जमीन झाडून, पाणी मारून, वर फिनेल! आणि रस्त्याच्या कडेला बायका ओळीनं उभ्या, डोक्यावर अर्धवट वाळलेल्या बोंबलांच्या पाट्या घेऊन. त्यात आई.

“काका, हे काय केलंत?”

“अगो, साहेब येनार. वासात बसवू काय त्यांना? पावन्याला रीत असते.”

तेवढ्यात गाड्या आल्याच. पाच. नाखवांनी स्वतः पुढे होऊन, हात हलवून, एकेक गाडी खळ्यावर ओळीनं लावून घेतली. मी आईला हाताला धरून साहेबांसमोर नेलं. “साहेब, इथं या मासळी वाळवतात. इथंच!”

साहेबांनी झाडलेल्या जमिनीकडे बघितलं. फोटोग्राफरनं फोटो काढले. साहेब भले वाटले हो. कपाळाला आठी घालून त्यांनी नाखवांनाच विचारलं, “चेअरमनसाहेब, तुम्ही सांगा. या जागेवर पार्किंग केलं, तर गावाला काही अडचण?”

नाखवांनी शाल उलगडली, साहेबांच्या खांद्यावर घातली, पाचही गाड्यांकडे अभिमानानं बघितलं आणि हात जोडले.

“साहेब, आमच्या गावात येनाऱ्या गाडीला जागा कमी पडली, असं आजपत्तर झालं न्हाय. लिहून घ्या!”

क्लार्कनं लिहून घेतलं.