पाठमोऱ्या नायिकेचा श्वास

मृण्मयीने हेडफोन काढले आणि काचेपलीकडून म्हणाली, "दादा, हे वाक्य मी बोलणार नाही."

शनिवार पेठेतल्या आमच्या स्टुडिओत एका जपानी फँटसी अ‍ॅनिमे मालिकेचं मराठी डबिंग चालू होतं. डायरेक्टर मी. मृण्मयी आठवडाभर हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि सुट्टीच्या दिवशी आवाज देते. नायिकेची भूमिका तिला पहिल्यांदाच मिळाली होती.

प्रसंग साधा होता. नायिकेच्या हातात आग आहे. ही शक्ती तिला राजाने दिली आहे. राजा गाव जाळायचा हुकूम देतो. ती हात उचलते, खाली घेते आणि पाठ फिरवून उभी राहते. मूळ मालिकेत इथे संवाद नाही.

डबिंगमध्ये पात्राचे ओठ दिसत असतील तर वाक्य त्या हालचालीत बसवावं लागतं. पाठ दिसत असेल तर काहीही घालता येतं, आणि आमच्या धंद्यात अशी जागा सहसा रिकामी सोडत नाहीत. क्लायंटकडचे समीर सर व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी वाक्य दिलं होतं: "माझी शक्ती संपली."

"शांतता ठेवली की लोकांना वाटतं आवाज गेला," ते म्हणाले.

"पण सर, शक्ती संपलेली नाही. ती जाळत नाहीये," मृण्मयी म्हणाली. "चार्जिंग संपलेल्या फोनला आपण बाणेदार म्हणतो का?"

"मॅडम, शॉट पाठमोरा आहे. हे वाक्य दुसरी कुणीही बोलेल. मग पुढचे भागही तीच बोलेल."

मृण्मयीने हेडफोन परत घातले नाहीत.

मी पुढच्या भागाची फाइल उघडली. सुरुवातीलाच नायिका त्याच हाताने एका घरातली चूल पेटवते.

"सर, शक्ती संपली असेल तर ही चूल कशी पेटते?"

समीर सरांनी तो भाग पाहिला नव्हता. ते म्हणाले, "ठेवा शांतता. निदान एक श्वास तरी घाला."

मृण्मयीने श्वास दिला. पहिलाच टेक ओके झाला.

नंतर चहा घेताना मी म्हटलं, "चुलीचं आधीच सांगायचं ना."

"मला कुठे माहीत होतं?"

"मग चूल नसती तर रोल गेला असता."

"गेला असता," ती म्हणाली आणि कप ठेवून पुढच्या सीनला गेली.

मालिका तिनेच पूर्ण केली. त्या क्लायंटच्या पुढच्या कामासाठी तिला बोलावणं आलं नाही. मी आता रेकॉर्डिंगआधी पुढचा भाग पाहून ठेवतो. नकार तिचा होता; मान्य झाली ती चूल.