त्रेपन्न कुठल्या पाढ्यात येतो?

वाकोल्याच्या शाळेत एथेलबाई डिमेलोंचा चौथीचा वर्ग पाढे असे ओरडायचा की रस्त्यावरची कुत्री दचकून उठत. पण मधलंच विचारा, झाली बोंब! "सात आठे?" म्हटलं की रत्नप्रभाची गाडी थेट "सात एके सात"पासून सुटायची. हेडमास्तर दत्ताराम सरांकडे यावर एकच औषध, छडी. पोरांच्या हातावर वळ उठले की बाई त्यावर हळूच खोबरेल चोळायच्या.

चौऱ्याऐंशी साली चर्चच्या फेस्तात बाई हाउझीला बसल्या. पुकारलेला नंबर तिकिटावर कापायचा, सगळे कापले की जिंकलात. त्यांचा भाऊ जॉनी, ज्याला बायकोची हाक कधी ऐकू येत नाही, तोही कान टवकारून बसलेला! बाई म्हणाल्या, हेच पाहिजे. सोमवारी उरलेली तिकिटं उचलून वर्गात आणली आणि नंबराऐवजी पाढा पुकारायला लागल्या. "नऊ चोक?" की पोरं छत्तीस शोधणार.

"शाळेत जुगार?" दत्ताराम सर दारात उभे.

"निदान छडी तरी नाही, सर."

बोलून गेल्या खऱ्या, पण सर तापले. "घंटेच्या आत एक तरी पोर जिंकवून दाखवा. नायतर हा तमाशा बंद, आणि उद्यापासून पाढे मी घेणार!"

पोरांनी हात पाठीमागे लपवले.

बाईंनी जीव तोडून पुकारा लावला. झकास कापाकापी चालली होती. आणि मग सगळंच अडलं. कुणाचा एकोणनव्वद राहिला, कुणाचा एकाहत्तर. रत्नप्रभाचा तर एकच बाकी.

"बाई, त्रेपन्न बोला ना!"

"बोलते गं," म्हणत बाईंनी पाढे मनात उलटेपालटे केले आणि त्यांना घामच फुटला. वाट लागली! हाउझीत नव्वदपर्यंतचे सगळे आकडे असतात, पाढ्यांत कुठे असतात? मोठ्या खेळ करायला निघाल्या होत्या, आणि तिकीट एकदा नीट वाचलंसुद्धा नव्हतं.

"मिळत नाही रे," त्यांनी कबूल केलं. "शोधा तुम्हीच."

मग काय विचारता! पोरं बाकांवर चढली. "तेरा चोक बावन्न!" "सतरा त्रिक एक्कावन्न!" एक शहाणा किंचाळला, "त्रेपन्न एके त्रेपन्न!"

"तीसच्या पुढचे पाढे अभ्यासात नाहीत!" सर खेकसले. ते कधी आत येऊन बाकावर टेकले, कुणालाच कळलं नाही. "रत्नप्रभा, सहा नवे?"

"चोपन्न! एकाने हुकला, सर!"

ना "सहा एके सहा", ना बोटं. सर तिच्याकडे बघतच राहिले.

तेवढ्यात घंटा झाली. जिंकलं कुणीच नव्हतं.

"हरले मी," एथेलबाई म्हणाल्या. "खेळ बंद करते, सर."

"बंद?" सरांची मालवणी उसळली. "सव्वीस दुणे बावन्न, सत्तावीस दुणे चोपन्न. मग मधलो गेलो खंय? तो गावल्याशिवाय कोण घराक जाणार नाय! बसा, बाई!"