तळ दिसणारं पाणी

पाणी स्वच्छ ठेवणं हेही पगाराचं काम असू शकतं, असं आमच्या नागभीडकडच्या कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. आमच्याकडचं पाणी म्हणजे बोडीचं, शेताकडच्या लहान तळ्याचं, धानाला लागणारं, दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. त्यात म्हशी बसतात, बाया लुगडी धुतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. मी मात्र तीन वर्षं पाणी धुण्याचा पगार खाल्ला.

चांद्याबाहेर एका लाकडाच्या ठेकेदाराचा बंगला होता. नागपूर तेव्हा प्रांताची राजधानी. तिथले साहेब लोक जंगल पाहायला आले की या ठेकेदाराकडे उतरत. त्यांच्यासाठी त्याने बंगल्यामागे पोहण्याचा हौद बांधला होता. एका टोकाला कंबरभर पाणी, दुसऱ्या टोकाला दोन पुरुष खोल. ठेकेदार स्वतः कंबरेपलीकडे कधी गेला नाही, पण बोलायचा असा की जणू समुद्र पोहून आलाय.

रोज सकाळी बांबूला बांधलेल्या कापडी जाळीने मी वरची पानं काढायचो. पंधरा दिवसांनी हौद रिकामा करायचा, भिंतींचं शेवाळ विटेच्या तुकड्याने खरवडायचं, तळाला चुना फासायचा, इंजिन लावून विहिरीचं पाणी भरायचं. मग मोरचुदाची पुरचुंडी दोरीला बांधून काठाकाठाने ओढत न्यायची, म्हणजे शेवाळ लवकर धरत नाही. पावसाळ्यात आमच्या बाया निवळीची बी उगाळून माठात घालतात आणि गाळ खाली बसतो. तीच युक्ती मी हौदाला लावली. टोपलीभर बिया दगडावर उगाळून ते पाणी बादल्यांनी ओतायचो. दोन दिवसांनी हौद असा निवळायचा की खोल टोकाच्या तळावरचे चुन्याचे फराटेसुद्धा मोजून घ्यावेत. ठेकेदार पाहुण्यांना काठावर उभं करून ते दाखवायचा आणि मी बाजूला हात बांधून उभा असायचो. गर्व त्याच्यापेक्षा मलाच जास्त होता, खोटं कशाला बोलू.

लग्नाला वर्ष झालं तेव्हा, माघात, मी बायकोला बंगल्यामागच्या खोलीत राहायला आणलं. तीही धानाच्या गावातली. हौद पाहून म्हणाली, "एवढूशा पान्यात साहेब लोक पोहून राह्यले?"

मी हसलो. तिच्या हिशोबाने ती बरोबर बोलत होती. बोडीत काठाला, पोटरीभर पाण्यातच काय तो तळ दिसतो. दोन पावलं पुढे गेलं की सगळं मातकट, तिथे काठीने चाचपल्याशिवाय कुणी पाय टाकत नाही. जमीन दिसते तिथे पाणी उथळ, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. मला हे ठाऊक होतं आणि त्या हौदाची खोलीही ठाऊक होती. तरी मी नुसता हसलो आणि कामाला लागलो.

फाल्गुनात साग झडायला लागला. सागाचं पान सुपाएवढं, भिजलं की जड होऊन तळाला जाऊन बसतं, आणि माझी जाळी तिथवर पोचत नसे. त्यात रविवारी साहेब येणार म्हणून निरोप आला. शनिवारी सकाळी पाहतो तर बायको काठावर मातीने माखलेले पाय पाण्यात सोडून बसलेली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा.

"पाय काढ पयले! दोन दिवस झाले निवळवून राह्यलो, तुले काई समजते का नाई?"

तिने पाय काढले, पदराला पुसले. मग हळूच म्हणाली, "खालची पानं मी काढू काय?"

"तू काईच करू नको. पान्याले हातबी लावू नको."

पाणी खराब होईल म्हणून मी तिला अडवलं. इथे खोल आहे, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? ते सुचलंच नाही. सायकल काढली आणि इंजिनाचं तेल आणायला चांद्याला गेलो.

परतलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. खोलीचं दार उघडं, चुलीवर भात शिजून झाकलेला. हाक मारत हौदाकडे आलो आणि काठावरूनच ती मला दिसली, खोल टोकाला, तळाशी. गढूळ पाणी असतं तर शोधावी लागली असती. इथे तिच्या लुगड्याची किनारसुद्धा ओळखू येत होती. मी उडी मारली, बंगल्याचा माळी धावत आला, त्याने वरून हात दिला. तिच्या मुठीत सागाचं पान होतं. जीव केव्हाच गेला होता.

पोलीस येऊन पंचनामा करून गेले. ठेकेदाराने साहेबांना येऊ नका म्हणून कळवलं आणि मला म्हणाला, "पाणी बदलून घे." पुढच्या आठवड्यात हौदाभोवती तारेचं कुंपण घातलं. बैल गेला अन् झोपा केला.

तिचा थोरला भाऊ मात्र निरोप मिळताच, ती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने आला होता. आधी तो हौदाकडेच गेला. काठावर वाकून त्याने पाण्यात पाहिलं.

"जवाई," तो म्हणाला, "जमीन दिसून राह्यली इथी. एवढ्याशा पान्यात मानूस बुडते काय? खरं सांगा, तुमी तिले काय बोलले?"

मी जाळीचा बांबू उचलून पाण्यात सोडला. बांबू खाली खाली जात राहिला, माझा हात खांद्यापर्यंत भिजला तरी टेकला नाही. त्याचा चेहरा उतरला.

"तिले माईत होतं काय?"

"नाई. मी सांगलोच नाई, भाऊ."

"घरधनी घरच्या बाईले एवढं सांगत नाई? तुमी काईतरी लपवून राह्यले. तिनं जीव देल्ला."

बोललो तर होतोच मी तिला. रात्रभर मीही स्वतःला तेच विचारत होतो. तो खोलीत गेला, तिच्या अंगावरची चादर बाजूला केली आणि तसाच थांबला. लुगडं दोन्ही गुडघ्यांच्या वर ओढून कमरेला घट्ट खोचलेलं होतं, धानाच्या रोवणीला चिखलात उतरताना बाया खोचतात तसं. मी तिला पाण्यातून काढलं, खोलीत आणून निजवलं, आणि तरी मला ते दिसलं नव्हतं.

"जीव द्याले जानारी," तो म्हणाला, "लुगडं भिजू नये म्हनून कायले खोचन?"

तो खाली बसला आणि माझ्या पायांना हात लावून माफी मागू लागला. मी त्याला थांबवू शकलो नाही.