मधले, थांब

आमच्या कार्टूनच्या स्टुडिओत मधले म्हणून एक गृहस्थ आहेत. आडनाव वेगळंच आहे, पण ते पगारपत्रक सोडून कुणाला आठवत नाही. पात्र उडी मारतं तेव्हा एक जमिनीवरचं आणि एक हवेतलं, अशी टोकाची दोन चित्रं मोठे चित्रकार काढतात. त्यांच्या मधले कागद हे काढतात, म्हणून उडी उडीसारखी दिसते. छत्तीस वर्षं हेच काम, म्हणून मधले. मी शेजारच्या टेबलावर बसून कागद तपासते. माझ्या नाकावर माशी बसत नाही असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. तरी वीस वर्षांत मधल्यांचा कागद मी चारदाच परत केला असेल.

निवृत्तीचं वय त्यांनी केव्हाच ओलांडलं. दर वर्षी मुदतवाढ मिळायची, आणि ती या महिनाअखेर संपत होती. घरी बसायची त्यांची अजिबात तयारी नव्हती. "बायको शाळेत शिकवायची हो. अजून म्हणते, तुमचं अक्षर वळणदार नाही. दिवसभर घरी कसा बसू?"

अशात ते अमेरिकन काम आलं. पोस्टमनची टोपी पळवणारा एक जाडा बोका, साठ वर्षांपूर्वीचा. लहानपणी त्याचीच चित्रं गिरवून मधले शिकले होते. आता तो नव्याने करायचा होता, तोही जपानी कार्टूनच्या, म्हणजे अ‍ॅनिमेच्या वळणाने. बोक्याची हनुवटी टोकदार झाली, पोट गेलं, आणि डोळे एवढे मोठे की त्यात तीन-तीन चांदण्या मावतील. मधले म्हणाले, "याला थायरॉइड झालाय का?"

दिग्दर्शिका नवी, तिशीतली. लहानपणापासून अ‍ॅनिमेवर पोसलेली. सगळ्यांना काका-मावशी म्हणायची, टोपणनावं तिला ठाऊक नव्हती. कामाच्या तक्त्यावर, म्हणजे कुठलं चित्र किती वेळ दिसणार त्या कागदावर, सूचना साध्या भाषेत लिहायची, हा तिचा हट्ट.

दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी मी आले, तर मधले पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. पेन्सिली रबर लावून बांधलेल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी तक्ता पुढे सरकवला. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'मधले, थांब.'

"कामावरून काढायचं तर काढा, बाई. पण माझ्या मुलीपेक्षा लहान पोरगी, आणि मला अरे-तुरे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्ता घेऊन मी तडक तिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "माणसाला घरी पाठवायची ही कुठली रीत?"

तिने तक्ता पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तक्ता पाहिला. "मावशी, हे कागदांबद्दल आहे. मधले कागद काढायचे नाहीत, बोका थांबवायचा. अ‍ॅनिमेत राग अनावर झाला की पात्र हलतच नाही."

मग मी तिला सांगितलं, मधले कोण ते. ती कपाळाला हात लावून खालीच बसली. लोक ध चा मा करून घोळ घालतात, मधल्यांनी एक अक्षर न बदलता घातला.

ती स्वतः टेबलापाशी आली. "काका, चुकले मी. पण बोका थांबायलाच हवा."

मधल्यांनी पिशवी खाली ठेवली, पेन्सिली काही सोडल्या नाहीत. "आमचा बोका उभ्या उभ्याही डुलायचा. थांबला की मेल्यासारखा दिसेल."

"म्हणून तर अडलेय. तिकडे अशा वेळी वाऱ्यावर केस उडतात. याला केस कुठले?"

मधल्यांनी बोक्याचा कागद पुढे ओढून ते चांदणीवाले डोळे पाहिले. मग पेन्सिलींचं रबर काढलं. "घरी मांजर आहे माझ्या. चिडली की दगडासारखी बसते. कानाचं टोक तेवढं हलतं."

संध्याकाळपर्यंत सात कागद झाले. अख्खा बोका एका चित्रात गोठलेला, आणि सात कागदांवर फक्त कानाचं टोक. मी ते एकावर एक धरून फडफडवले. बोका हलला नाही, पण मला त्याची भीती वाटली. खरं सांगते, डोळ्यांत पाणीही आलं. दिग्दर्शिकेने ते पडद्यावर चार वेळा पाहिलं आणि उठून मालकांच्या खोलीकडे गेली. मधले घाबरले. "आवडलं नाही वाटतं."

महिनाअखेरीला त्यांच्या टेबलावर एक तक्ता आला. ते माझ्याकडे घेऊन आले. "बाई, यातला कुठला बोका थांबवायचा? चित्रांचे रकाने सगळे कोरे आहेत."

मी पाहिलं. वर मुदतवाढीचं पत्र टाचलेलं होतं, ते त्यांनी वाचलंच नव्हतं. खाली तेच ठसठशीत अक्षर, फक्त एक काना वाढलेला.

'मधले, थांबा.'