येसूबाईंनी लावलेला फ्लेक्स

वलवणच्या येसूबाई ओव्हाळ काही पुढाऱ्यांच्या घरात जन्मल्या नव्हत्या. बारा वर्षं त्यांनी लोणावळ्यातल्या हॉटेलांत चादरी बदलल्या, संडास घासले. वॉर्ड राखीव पडला आणि पक्षाला बाई हवी होती, म्हणून त्या नगरपरिषदेला उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पक्षाला वाटलं, सांगू तिथं सही करणारी बाई मिळाली. कसली सही! हॉटेलातल्या बायकांना आठवड्याची सुट्टी हवी, संध्याकाळी घरी सोडायला गाडी हवी, म्हणून बाई पाच वर्षं अधिकाऱ्यांच्या आणि हॉटेलमालकांच्या दारात ठाण मांडून बसल्या.

त्यांची एक रीत होती. बसायचं ते शनिवारी दुपारी, मुंबईच्या गाड्या हॉटेलच्या फाटकातून आत शिरतात तेव्हा. पाहुण्यांच्या देखत पायरीवर चाळीस बायका बसल्या की मालक आपल्या पायांनी खाली येतो. निवेदनं देत फिरणाऱ्यांच्या डोक्यात हे कधी आलं नाही.

मग मुदत संपली. नगरपरिषदेवर प्रशासक बसला, निवडणूक काही होईना, आणि येसूबाई 'माजी' झाल्या. लोक आपल्याला विसरतील याची त्यांना धास्ती बसली होती. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्या दिवसांत शेजारच्या आळीतली प्रतीक्षा त्यांच्याकडे आली. नंदाबाईची मुलगी, वीस वर्षांची, एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला. पाहुण्याचं घड्याळ हरवलं म्हणून मॅनेजरनं तिला चादरींच्या खोलीत नेलं, अंगावरचे कपडे उतरवायला लावले आणि स्वतः दारात उभा राहिला. घड्याळ निघालं पाहुण्याच्याच गाडीत.

"मावशी, त्याला तितनं काढा. पण माझं नाव कुटं येऊ देऊ नका."

"न्हाई येणार गं. मी हाय ना."

शनिवारी बायका पायरीवर बसल्या. दोन तासांत मॅनेजरला घरी बसवलं, बायकांची झडती बंद केल्याचं मालकानं लेखी दिलं. तिथंच उठून घरी जायचं होतं. पण आपल्याकडे शाल-नारळ झाल्याशिवाय काम झालं असं कुणाला वाटतच नाही. दुसऱ्याच दिवशी येसूबाईंचा सत्कार ठरला. प्रतीक्षा मागं उभी होती, तिला कुणीतरी हाताला धरून पुढं आणलं, गुच्छ तिच्याच हातून द्यायला लावला आणि फोटो निघाला. रात्री येसूबाईंचा भाचा संदेश फ्लेक्सचा नमुना मोबाईलवर घेऊन आला. 'रणरागिणी प्रतीक्षाला न्याय मिळवून देणाऱ्या येसूबाईंचे हार्दिक अभिनंदन!'

"मावशे, चालंल का?"

येसूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "मी लय बारीक दिसतीय. मोठा कर माझा फोटो."

पोरीचं नाव त्यांना दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. मान होतोय तिचा, असं त्यांना वाटलं.

फ्लेक्स चौकात लागला आणि त्याचा फोटो दुपारपर्यंत मॅनेजर लोकांच्या ग्रुपवर पोचला. प्रतीक्षाला तिच्या हॉटेलानं गोड बोलून घरी पाठवलं. बाकीच्यांकडे जागाच नव्हती. रिक्षा स्टँडवरची पोरं तिला ऐकू जाईल अशा बेतानं एकमेकांना विचारत, किती कपडे उतरवले रे? येसूबाईंनी चौथ्या दिवशी फ्लेक्स उतरवला. लोकांच्या मोबाईलमधून तो कोण उतरवणार?

पोरीच्या कामासाठी त्या स्वतः हॉटेलं फिरल्या. सगळीकडे चहा मिळाला. एक मॅनेजर तर हसून म्हणाला, "मॅडम, तुमचा शब्द मोडवत नाही हो. पण तुमचं माणूस ठेवलं की एखादा शनिवार आमच्याही नशिबी आलाच!"

वर्षभरानं निवडणूक लागली. पक्षाचे विठ्ठलभाऊ म्हणाले, "तिकीट तुमचंच. फक्त ती पोरगी सभेत शेजारी बसवा. दोन शब्द बोलली तर लय भारी."

आणि येसूबाई तिला विचारायला गेल्या. होय, गेल्या.

नंदाबाई 'बसा' म्हणाली नाही. प्रतीक्षा जमिनीवर बसून चिक्कीची खोकी दुमडत होती. घरबसल्या एवढंच काम मिळत होतं. येसूबाईंनी सभेचं सांगितलं. पोरीनं मान वर केली नाही.

"काय बोलू तितं, मावशी? कापडं कशी काढली ते सांगू? का काढून दाखवू?"

"आवं, एकदा केलंत तेवढं बास न्हाई झालं?" नंदाबाई म्हणाली.

येसूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "चुकलं माझं, पोरी."

"व्हय, चुकलं. तुमी निवडून या न्हाईतर पडा. माझ्यासाठी आता कुणाशी काय बोलू नका. तेवढं करा."

येसूबाईंनी घरी येऊन फोन लावला. "भाऊ, ती पोरगी हितं ऱ्हात न्हाई. गेली गाव सोडून."

"कुठं?"

"ठावं न्हाई."

"मग अवघड आहे, येसूबाई."

तिकीट दुसरीला गेलं. अपक्ष उभ्या राहा म्हणायला वस्तीतली एकही बाई आली नाही.

महिन्याभरात प्रतीक्षा खरंच गेली. कुणी चाकण म्हणतं, कुणी कल्याण. नक्की कुठं ते नंदाबाईला ठाऊक आहे. येसूबाई आता पुन्हा एका बंगल्यावर कामाला जातात, रोज नंदाबाईच्याच दारावरून. विचारत नाहीत.