नातीचं जीपभाडं मीच कसं घालवलं

ऐका आता माझ्या हातचा घोळ. हसा खुशाल, पण आधी मला जरा चिडू द्या. सांगतो मी, लिहिते माझी नात पार्वती. मला अक्षर येत नाही.

या पार्वतीला जन्मापासून पायात जोर नाही. डोकं मात्र असं, की हिशेबात गुरुजी अडले तर हिच्याकडे बघतात! आईबाप ठाण्याकडे मजुरीला, म्हणून पोर माझ्याकडे. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा पार डांबरी रस्त्याला, मध्ये ओहोळ आणि चढण. अशा लेकरांना न्यायला-आणायला सरकार जीपचं भाडं देतं, असं गुरुजींनी सांगितलं. दोन सालं कागद नाचवले, तेव्हा कुठं तपासणीचा साहेब पाड्यावर आला.

आता सांगा, मी काय केलं असेल?

माझी हयात बैल दाखवण्यात गेली. मोखाड्याच्या बाजारात कुणाला बैल विकायचा असला की मला बोलावणं. शिंगांना तेल लावायचं, आणि लंगडत असला तरी असा फिरवायचा की गिऱ्हाईक खूश! आमच्यात चार लोकांपुढं उणं दाखवत नाहीत हो.

तर मी अंगणात दोन बांबू आडवे बांधले. त्यांना धरून पोरीकडून महिनाभर सराव करून घेतला. त्या दिवशी वेणीफणी, नवा फ्रॉक, सगळं केलं.

साहेबानं विचारलं, "मुलगी चालते का?"

"चालते? साहेब, पळंल ती!"

बांबू धरून, ओठ चावून पार्वतीनं चार पावलं टाकली. सगळ्या पाड्यानं टाळ्या वाजवल्या. पाचव्याला ती पडली, पण तोवर साहेबाची मान कागदात गेली होती. "बेस!" म्हणालो मी, आणि पुढं आलेल्या कागदावर अंगठा दिला.

महिन्यानं गुरुजी साहेबाचा कागद घेऊन, कपाळाला हात लावून आले. "बाबा, यात लिवलंय, मुलगी चालू शकते, भाड्याची गरज नाही. आणि खाली तुमचा अंगठा!"

काय संतापलो म्हणता! स्वतःवर, पण साहेबावर जास्त. अरे, अंगणातली चार पावलं बघितलीस, शाळेची वाट नाही बघितलीस? बांबू काय ओहोळापार बांधून देणार आहेस?

पुन्हा अर्ज. तर म्हणे, मुलीला घेऊन जव्हारला या. गेलो. तपासणी कुठं? दुसऱ्या मजल्यावर! ज्यांना चालता येत नाही त्या लेकरांना बोलावलं आणि स्वतः बसले माडीवर! जिन्यात आया पोरं काखोटीला मारून उभ्या. एक बाई म्हणाली, तिचं हे तिसरं साल. का? दर साली पाय नवे फुटतात का? भाताची रोपं आहेत ती?

मी पार्वतीला पाठीवर घेतलं. चढताना बजावलं, "आज पाऊल टाकू नको हं."

"मी नाय टाकत. तू तेवढा गप राहा, आजा."

टेबलामागच्या बाईंनी तिचे पाय नीट बघितले. "खरंच नाही चालू शकत. मग वर कशी आली?"

"मी आणली की! पाठीवर."

"दोन जिने? या वयात? दमला असाल, बसा."

झालं! 'या वयात' ऐकलं आणि माझी छाती फुगली. गुडघे आत करकरत होते, देवाशपथ. तरी म्हणालो, "दमतोय कशाला? हिला घेऊन मोखाड्यापर्यंत जाईन, बाई, न थांबता!"

पार्वतीनं माझा सदरा ओढला. उशीर झाला होता. बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "मुलीला शाळेत नेणारी सशक्त व्यक्ती घरात आहे. भाडं नामंजूर."

"अहो, पण मी आज आहे, उद्या?"

"पुढच्या वर्षी अर्ज करा. चला, पुढचा कोण?"

जन्मात कुणावर ओरडलो नव्हतो, तिथं ओरडलो. "म्हातारा धड दिसला म्हणून पोरीची शाळा बंद?" शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं.

उतरताना तिसऱ्या पायरीवर गुडघ्यानं दगा दिला. कठडा धरून मटकन खाली बसलो.

पार्वती पाठीवरून म्हणाली, "पुढल्या साली तुला घरीच ठेवून येते."

मीही तापलेलोच. "ये ना! मी नसलो तर तुला उचलून आणंल कोण?"

"आजा," ती म्हणाली, "हेच तर बाईंना सांगायचं होतं!"