लालासाहेबांच्या नावाचा एल्फ

माझे आजोबा लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन घरी आले आणि गेल्या दिवाळीपासून एका एल्फवर जळतात.

एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, हजार वर्षं जगणारे रानातले लोक. मी त्यांची गोष्ट मोबाईलवर लिहिते, दर रविवारी एक भाग. माझे एल्फ कोयनेच्या रानात राहतात. त्यांच्यात जन्माचं नाव कच्चं. पक्कं नाव मोठेपणी मिळतं. एखाद्या म्हाताऱ्यानं आपल्या नावाचा तुकडा द्यायचा आणि सोबत कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट. गोष्ट नसेल तर नाव लागत नाही.

पहिला तुकडा मी शेजारच्या तानाजीआजोबांकडं मागितला. ते आमच्या आजोबांच्याच पलटणीत स्वयंपाकी होते. त्यांनी चटकन सांगून टाकलं, की पहिल्या बर्फात ते रडले होते आणि कांदा चिरतोय म्हणाले होते. झाला आमचा सेनापती तानारील. आता कोरेगावच्या बाजारात पोरं "काय तानारील" म्हणतात आणि हे हात वर करतात.

"शिवे, डाळ ढवळणारा तान्या सेनापती? आन् हवालदार कुटं हाय?" आजोबा म्हणाले.

"तुमीपण द्या की गोष्ट."

थाप मारण्याआधी आजोबा दोनदा खाकरतात. ते खाकरणं मी असं हुबेहूब काढते, की आजोबाच समजून अंजनाआजी आतून विचारते, "आवं, चहा ठिवू का?" तर ते खाकरले. "एकदा चौकीवर अस्वल आलं. हमने बोला, रुक जाव. रुकलं."

"हे सगळ्या गल्लीला माहीत हाय."

"मग नाल्यातली?"

"ती कुत्र्यालाबी पाठ हाय."

तीन रविवार गेले. तानारीलनं दोन लढाया जिंकल्या. आजोबांनी लढायांचे दोन्ही भाग वाचले आणि दोन्ही वेळा जेवले नाहीत.

मग एका दुपारी ते न खाकरता बोलले. "तान्याला लय पत्रं यायची. दर आठवड्याला त्याच्या बायकोचं, पारूचं पत्र. तुज्या आजीला लिवता येत न्हवतं. मी आपला मोकळ्या हातानं बसायचो. एकदा त्याचं पत्र मीच घेतलं आन् ट्रंकेत टाकलं." मग म्हणाले, "पोरगी झालीय, नाव कळवा, पाळणा थांबवलाय, असं हुतं त्यात."

ती पोरगी म्हणजे सांगलीची रेश्माआत्या. पारूआजीनं दुसरं पत्र न लिहिता महिनाभर वाट बघितली, मग नाव तिच्या सासूनं ठेवलं. नवऱ्यानं साधं उत्तर दिलं नाही म्हणून पारूआजी आजतागायत तानाजीआजोबांना टोमणे मारते.

"ही घालू गोष्टीत?" मी विचारलं.

"तान्या वाचंल."

"पयलं तेच वाचत्यात."

सकाळी आजोबांनी ट्रंकेतून ते पत्र काढलं आणि शेजारी गेले. मागोमाग मी. त्यांनी त्या नवराबायकोसमोर उभं राहून सगळं सांगितलं. तानाजीआजोबांनी पत्र घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"मला खरंच मिळालं न्हवतं, पारू," ते म्हणाले.

"आडतीस वरसं भांडले मी तुमच्याशी," पारूआजी म्हणाली. मग हळूच, "काय नाव कळवलं असतं?"

त्यांनी पत्राची घडी घातली. "आता काय सुचंना. तवाच इचारायचं हुतं."

"इचारलं हुतं की," पारूआजी म्हणाली, आमच्या आजोबांकडं बघत.

चहा विचारला नाही कुणी.

घरी येताना ते म्हणाले, "माजं नाव नगो घालू." मी नाही घातलं. दोन महिने झाले, तानाजीआजोबा आमच्या कट्ट्यावर बसायला येत नाहीत. आजोबा रोज संध्याकाळी त्यांची जागा रिकामी ठेवून बसतात. आणि रविवारी मात्र मला न चुकता विचारतात, त्या तानारीलला अजून एखादा बाण कसा लागत न्हाई गं.